वन्संच्या खुर्चीतले दोन उमेदवार

आमच्या वन्सं बातम्यांच्या चॅनलवर मेकअप करतात. असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच नटनट्या उभ्या राहतात. पण वन्संच्या वाट्याला नट कुठले यायला! त्यांच्याकडे येतात पक्षांचे प्रवक्ते, उमेदवार, माजी मंत्री आणि हवामान सांगणारी एक मुलगी, जिला बारा महिने सर्दी. वन्सं म्हणतात, "देवानं मला सुंदर माणसं दिली नाहीत, पण घाम येणारी भरपूर दिली."

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, तोच यजमान गेले आणि त्या माहेरी परतल्या. पुढच्या खोलीत एक आरसा टांगून त्यांनी लग्नाच्या मुलींना सजवायचं काम सुरू केलं. त्यातल्या एका मुलीचे वडील चॅनलवर दिवे सांभाळायचे. मुलगी सजून बाहेर आली तेव्हा ते वन्संना म्हणाले, "बाई, माझी पोरगी मला पोरगीच दिसतेय, बाहुली नाही. आमच्याकडे याल का?" तेव्हापासून त्या तिथे आहेत. तिथं सगळे त्यांना मावशी म्हणतात. संपादक वयानं त्यांच्याएवढे आहेत, तेसुद्धा मावशीच म्हणतात.

त्यांची कामाची रीत ठरलेली. माणूस खुर्चीत बसला की आधी त्याच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावायची, ताप बघतो तशी. उन्हातून, सभेतून आलेल्याचं कातडं तापलेलं असतं आणि तापलेल्या कातड्यावर काहीच टिकत नाही. मग ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं, कॉलरीत टिश्यूचा कागद खोचायचा आणि नंतर स्पंज हातात घ्यायचा. माणूस कुठल्या पक्षाचा, याच्याशी फडक्याला देणंघेणं नाही. कोणी म्हणालं, "मावशी, जरा तरुण करा," तर उत्तर तयार, "मी पावडर लावते, नवस फेडत नाही."

दुसरा नियम त्याहून कडक. खुर्चीतलं खुर्चीत. कपाळावर असा हात पडला की मोठमोठी माणसं लहान होतात म्हणे. कुणाला पाठदुखी असते, कुणाचा मुलगा बोलत नसतो, कुणाला कॅमेऱ्यापुढे जायच्या आधी दर वेळी बाथरूमला पळावं लागतं. वन्संना सगळं ठाऊक. आम्ही खोदून खोदून विचारलं तरी त्या सांगत नाहीत. आणि त्यांचं स्वतःचं मत कोणत्या पक्षाला जातं, हे तर देवाला ठाऊक. तोही मला सांगत नाही, मी विचारून पाहिलंय.

आमच्या घरी याचा फार त्रास होतो. कारण आमचे मामंजी होडीवाले आणि हे शिडीवाले. होडी आणि शिडी या आमच्याकडच्या दोन पक्षांच्या निशाण्या. एका घरात, एका सोफ्यावर, एका टीव्हीपुढे बापलेक बसतात आणि दोघंही वन्संचंच चॅनल लावतात. आवडतं म्हणून लावतात असं नाही. शिव्या द्यायला लावतात.

"बघ, बघ! होडीवाल्यांची सभा दाखवताना कॅमेरा कुठे नेला? रिकाम्या खुर्च्यांकडे!" मामंजी म्हणायचे. "विकलं गेलंय हे चॅनल. शिडीवाल्यांनी शिडी लावून वर चढवलंय."

"बाबा, रिकाम्या खुर्च्या होत्या म्हणून दाखवल्या," हे म्हणायचे. "आणि आमचा माणूस बोलायला लागला की अँकर मध्ये तोंड घालते, ते दिसलं नाही वाटतं? हे चॅनल पहिल्यापासून होडीवाल्यांचं आहे."

एकच चॅनल, एकच कार्यक्रम. मी आत दिवा लावून प्रार्थनेला बसलेली असायचे आणि बाहेरून 'विकलं गेलंय, विकलं गेलंय' असा गजर. कधी कधी माझ्याही तोंडी तेच यायचं. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, पण आमच्या घरी एकाच ताटातलं मीठ एकाला अळणी आणि दुसऱ्याला खारट लागायचं. देवाचंही असंच असेल, मी मनात म्हणायचे. ज्याचं पीक वाळत घातलंय तो ऊन मागतो, शेजारी पाऊस मागतो, आणि दोघंही म्हणतात, देव दुसऱ्याच्या बाजूचा आहे.

त्या वर्षी आमच्या भागातून होडीवाल्यांनी एका निवृत्त मास्तरांना उभं केलं होतं आणि शिडीवाल्यांनी एका वकिलांना. मास्तर साधे. 'मी आहे तसा आहे' हे त्यांचं प्रचाराचं वाक्यच होतं, भिंतीभिंतीवर रंगवलेलं. डोक्यावर केस नाहीत, अंगात कायम एकच तपकिरी कोट. मामंजी त्यांच्यावर फिदा. एके काळी मामंजीही शाळेत शिकवायचे, त्यामुळे मास्तर जिंकले तर आपणच जिंकलो असं त्यांना वाटायचं.

पण टीव्हीवर मास्तर दिसायला लागले आणि काहीतरी बिघडलं. सभेत टवटवीत दिसणारा माणूस चॅनलच्या चर्चेत पिठाच्या डब्यात पडल्यासारखा दिसायचा. राखी चेहरा. बोलता बोलता कपाळावर भेगा पडायच्या, उन्हात वाळलेल्या चिखलाला पडतात तशा. शेजारी वकीलसाहेब मात्र नुकतंच आंघोळ करून आल्यासारखे. पहिल्या वेळी वाटलं, बरं नसेल मास्तरांना. दुसऱ्या वेळी तसंच. तिसऱ्या वेळी होडीवाल्यांच्या कोणीतरी दोन फोटो शेजारी शेजारी लावले. डावीकडे सभेतले मास्तर, उजवीकडे चॅनलवरचे. खाली लिहिलं, 'बघा, चॅनल आमच्या माणसाचं काय करतं.' तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला.

मामंजींच्या मोबाइलवरही आला. ते सोफ्यावरून अर्धे उठले. "हे बघा! हे बघा! मी म्हणत होतो ना? मुद्दाम! मुद्दाम भेसूर करून दाखवतात! कोण करतं तिथं हे..." आणि त्यांचं वाक्य तिथंच थांबलं.

कारण करणारी समोर बसून भाजी निवडत होती.

वन्सं देठ खुडत राहिल्या. ह्यांनी विषय बदलायला म्हणून खोकल्यासारखं केलं आणि ते हसण्यासारखं निघालं. त्या दिवसापासून मामंजींनी लेकीशी अबोला धरला. जेवताना म्हणायचे, "सूनबाई, तिला सांग, मीठ इकडे दे." मीठ त्यांच्या ताटापासून हातभर अंतरावर आणि वन्सं त्याच्या पलीकडे. वन्सं म्हणायच्या, "वहिनी, बाबांना सांग, मीठ शिडीवाल्यांचं आहे, जपून घ्या." मी आपली मधल्या मध्ये मीठ उचलायची.

आम्ही हसलो तरी वन्सं आतून हलल्या होत्या. मला ते कळलं, कारण त्या घरात उगाचच सगळ्यांच्या कपाळाला हात लावून बघायला लागल्या. एकदा माझ्या कपाळाला हात ठेवून म्हणाल्या, "वहिनी, माझा हात जड झाला का गं?"

"काहीतरीच काय, वन्सं!"

"मग मास्तरांवर काहीच का बसत नाही? सगळ्यांना जे लावते तेच त्यांनाही लावते. हा माणूस अगदी ऐन वेळेला येतो, धावत येतो, कपाळाला हात लावायलाही सवड देत नाही, फडकं हातात घेतलं की म्हणतो, 'नको, नको, पुसू नका, वेळ नाही, नुसतं लावा.' मला वाटलं, कातडं नाजूक असेल, पाणी सोसत नसेल. मी लावते. आणि बाहेर जाईपर्यंत त्याचा चुना होतो."

मग होडीवाल्यांची रीतसर तक्रार आली. संपादकांनी वन्संना केबिनमध्ये बोलावलं. केबिनमधलं खुर्चीतलं नव्हे, म्हणून त्यांनी मला सांगितलं. संपादक म्हणाले होते, "मावशी, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण विश्वास काही पडद्यावर दिसत नाही. रविवारी शेवटची मोठी चर्चा आहे. दोन्ही पक्षांची एकेक व्यक्ती मेकअप रूममध्ये बसून तुमच्या हाताकडे बघेल. त्या दिवशीही मास्तर तसेच दिसले, तर मला तुम्हाला घरी बसवावं लागेल."

वन्संनी मला हे सांगितलं तेव्हा त्या स्पंज धुऊन पिळत होत्या. "निवृत्तीला अवकाश थोडाच आहे," त्या म्हणाल्या, "घरी बसायला माझी ना नाही. पण 'हिनं एका माणसाचं तोंड मुद्दाम बिघडवलं' असं म्हणवून घेऊन बसायचं? आणि तेही बाबांच्या समोर?"

मी त्या संध्याकाळी देवाकडे काय मागावं हे मला कळेना. मास्तर चांगले दिसू देत म्हणावं, तर ते होडीवाल्यांसाठी मागितल्यासारखं होतं आणि ह्यांना कळलं तर घरात आणखी एक पक्ष फुटायचा. शेवटी म्हटलं, देवा, वन्संच्या हाताला यश दे, तोंडं कोणाची का असेनात.

रविवारी वन्सं लवकर गेल्या आणि गडबडीत चष्मा घरी विसरल्या. चष्म्याशिवाय त्यांना भुवया दिसत नाहीत. मी चष्मा घेऊन धावले. चॅनलच्या दारातल्या पहारेकऱ्यानं पिशवी उघडून बघितली, चष्म्याची डबी उघडून बघितली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोणत्या पक्षाकडून?"

"भावजयीकडून," मी म्हटलं.

मेकअप रूम म्हणजे आमच्या स्वयंपाकघराहून लहान. एका भिंतीला दिव्यांच्या चौकटीचा आरसा, त्याच्यापुढे वरखाली होणाऱ्या दोन खुर्च्या, कोपऱ्यात बेसिन, खुंटीवर ओली फडकी. एवढ्याशा जागेत दोन देखरेखवाले. वकीलसाहेबांकडून त्यांचे मेहुणे आले होते, हातात मोबाइल, त्यावर घड्याळ लावलेलं. आणि मास्तरांकडून दस्तुरखुद्द त्यांची बायको, मांडीवर भली मोठी पर्स, ओठ घट्ट मिटलेले. वन्संनी मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची खूण केली. मी बसले आणि मनातल्या मनात जप सुरू केला.

आधी होडीवाल्यांचा एक प्रवक्ता आणि मग शिडीवाल्यांचा एक असे दोघं खुर्चीत बसून गेले. तेवढ्यातच मेहुण्यांचा आवाज चढला.

"होडीवाल्यांना पफ जास्त वेळा लागला! मी मोजलेत!"

"दादा, त्यांचं कपाळ पार मानेपर्यंत गेलंय," वन्सं म्हणाल्या. "तुमच्या माणसाच्या डोक्यावर केस आहेत. केस कापून आणा, मी पफ वाढवते."

"आणि यांना आधी का घेतलं?"

"आधी आले म्हणून. तुमच्याकडे वेळेवर येण्याचं धोरण असेल तर जाहीरनाम्यात घाला."

मास्तरांच्या बायकोला हसू आलं, पण त्यांनी ते पर्समध्ये परत ठेवावं तसं ठेवून दिलं. तेवढ्यात मास्तर आले. आज बायको बरोबर असल्यामुळे असेल, पण चक्क वेळेआधी आले. खुर्चीत बसले. आरशात मला दिसलं की त्यांचे डोळे वन्संकडे न बघता बायकोकडे बघत होते, वर्गात उत्तर न येणारं पोर शेजारच्याकडे बघतं तसे.

वन्संनी हाताची मागची बाजू त्यांच्या कपाळाला लावली. मग ओलं फडकं उचललं.

"पुसायचं नाही!" मास्तरीणबाई ताडकन उठल्या. पर्स जमिनीवर पडली, उघडली आणि त्यातून एक गोल डबी घरंगळत माझ्या स्टुलापर्यंत आली. झाकण निघालं. आत गुलाबी पावडर आणि चांगला झिजलेला पफ.

मी डबी उचलली. वन्संनी डबी पाहिली. मग आपल्या हाताची मागची बाजू पाहिली, तिथेही गुलाबी होतं. मग आरशातून मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

मी काही मेकअपवाली नाही, पण मलासुद्धा सगळं लख्ख कळलं. 'मी आहे तसा आहे' म्हणणारे मास्तर घरूनच पावडर लावून येत होते. ती गुलाबी. तिच्यावर वन्संची गव्हाळी. दोन्ही मिळून राख.

आणि शेजारी उभे होते शिडीवाल्यांचे मेहुणे, हातात मोबाइल घेऊन. त्यांना अजून उमगलं नव्हतं. ते माझ्या हातातल्या डबीकडे बघत होते आणि मनात काहीतरी जुळवत होते. वन्संनी नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. 'हे बघा दादा, हे घरून रंगून येतात.' झालं! नोकरी वाचली, नाव धुतलं गेलं, आणि साक्षीदार कोण, तर विरोधी पक्षाचा. उद्या सकाळपर्यंत भिंतीभिंतीवरच्या त्या वाक्याचं हसं झालं असतं.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, माझी डबी दे इकडे. आणि दादा, तुमचे साहेब आलेत का हो? मास्तरांचं कपाळ तापलंय, निवेपर्यंत थांबावं लागेल. मोठी चर्चा आहे, म्हटलं, पहिला मान तुमच्या साहेबांना द्यावा. पण ते खालीच असतील तर..."

"आणतो! आत्ता आणतो!" मेहुणे म्हणाले. पहिला नंबर लागतोय म्हटल्यावर त्यांना बाकी कशाचं भान राहिलं नाही. ते जिन्याकडे पळाले. वन्संनी पायानंच दार लोटलं.

पुढचं मी लिहिते आहे ते मास्तरांच्या परवानगीनं म्हणा. पुढल्या वर्षी त्यांनी स्वतःच भर सभेत ही गोष्ट रंगवून सांगितली आणि सभा पोट धरून हसली. एरवी माझी काय बिशाद होती!

"बाई," वन्संनी मास्तरीणबाईंना विचारलं, "हे कधीपासून?"

त्या एकदम रडवेल्या झाल्या, पण आवाज भांडणाचाच. "पहिल्यापासून! सगळे सांगत होते, हे चॅनल शिडीवाल्यांचं आहे, तिथं मुद्दाम वाईट दाखवतात. मी म्हटलं, त्यांच्या हातात यांचं कोरं तोंड द्यायचंच नाही. घरूनच करून पाठवायचं. आणि यांना बजावलं, काही झालं तरी पुसू द्यायचं नाही. वर जे काय लावायचं ते लावू देत."

"आणि मी वर लावत होते," वन्सं म्हणाल्या. "अहो बाई, आपण दोघींनी मिळून एकाच भिंतीला दोन रंग दिले! आणि पोपडे धरले की घरमालकानं ओरडायचं, गवंडी फितूर आहे."

"मी हिला म्हणत होतो," मास्तर डोळे मिटूनच बोलले, "पण घरात मला बहुमत नाही."

"तुम्ही बोलू नका, सुरकुत्या पडतात," दोघी एकदमच म्हणाल्या. आणि मग दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. मीही हसले. जप कुठवर आला होता ते विसरले.

वन्संनी फडकं मास्तरीणबाईंच्या हातात दिलं. "तुम्हीच पुसा. म्हणजे कोणी पुसलं, किती पुसलं, कशाचीच शंका नको." त्यांनी पुसलं, अगदी कानामागेसुद्धा, लहान मुलाचं पुसतात तसं. फडकं गुलाबी झालं. वन्संनी ते बेसिनमध्ये धुतलं, पिळलं आणि होतं त्या खुंटीवर टाकलं. एवढ्यात मेहुणे वकीलसाहेबांना घेऊन आले. वन्संनी वकीलसाहेबांना शेजारच्या खुर्चीत बसवून त्यांच्यापासून सुरुवात केली, आणि मग मास्तर. दोघांच्या कपाळाला तोच हात, दोघांच्या कॉलरीत टिश्यूचा कागद. मेहुणे मोजत होते आणि मास्तरीणबाई मोजायचं सोडून वन्संचा स्पंज कसा फिरतो ते शिकल्यासारखं बघत होत्या.

निघताना वन्संनी ती डबी मास्तरीणबाईंच्या पर्समध्ये सरकवली. "माझी म्हटलं होतं, पण तुमच्याकडेच ठेवा. रंग चांगला आहे. तुम्हाला शोभेल."

मी घरी पोचले तोवर चर्चा सुरू झाली होती. पडद्यावर मास्तर बघून मामंजी उभेच राहिले. राखेचा मागमूस नाही. डोकं सुद्धा असं दिसत होतं, की त्यात विचार आहेत हे दुरून कळावं.

"बघा! बघा!" मामंजींनी पडद्याकडे बोट केलं. "आज कुठे या चॅनलनं सत्य दाखवलं!"

"सत्य?" हे उसळले. "बाबा, दहा वर्षांनी तरुण करून दाखवलाय माणूस! शेवटच्या चर्चेला बरोबर डाव साधला. मी म्हणत होतो ना, चॅनल होडीवाल्यांचं आहे!"

मी आत जाऊन पाणी प्यायले. पोटात गोष्ट मावत नव्हती. वन्सं घरी आल्या तेव्हा त्यांना कोपऱ्यात गाठून म्हटलं, "सांगू का हो यांना?"

"खुर्चीतलं खुर्चीत."

"अहो, पण मी स्टुलावर होते!"

"स्टुलालाही तोच नियम."

जेवायला बसलो. मामंजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीठ दे गं पोरी." मी हात पुढे केला, तर वन्संनी आधीच उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई संपादकांकडे जाऊन तक्रार मागे घेऊन आल्या. संपादकांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या म्हणे, "चूक आमच्या घरची होती. याहून जास्त विचारू नका. मावशींचा हात चांगला आहे, हे लिहून घ्या." त्या बाहेर पडतात न पडतात तोच आत शिडीवाल्यांचे मेहुणे आले. त्यांची तक्रार अशी की होडीवाल्यांनी मेकअपवाली फितवली, नाहीतर मास्तर एका दिवसात इतके देखणे कसे झाले?

संपादकांनी वन्संना बोलावलं. वन्सं उभ्या राहिल्या. संपादक डोकं धरून बसले होते. "मावशी, काल तुम्हाला काढायचं म्हटलं असतं तर जमलं असतं. आज काढलं तर होडीवाले म्हणणार, शिडीवाल्यांच्या दबावानं काढलं. आता तुम्हाला काढणं मला झेपणारं नाही. जा, हवामानवाली शिंकतेय, तिचं नाक बघा."

वन्सं हे सांगताना हसत होत्या, पण सांगून झाल्यावर देवापुढे जाऊन बराच वेळ बसल्या. मी वात पुढे सारली आणि बाहेर आले.

निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत कळलं. मास्तर पडले. फार नाही, थोडक्यात. हे पेढे वाटायच्या आवेशात उठले होते, पण मामंजींकडे बघून परत बसले आणि उगाच वर्तमानपत्र उघडून बसले. आमच्याकडे राजकारण आहे, पण दुष्टावा नाही.

संध्याकाळी दोघांनाही चॅनलवर बोलावलं होतं, जिंकलेल्याला आणि हरलेल्याला. मास्तर आधी आले. एकटेच आले. तोंड कोरं. वन्संनी कपाळाला हात लावला, फडकं उचललं. त्यांनी या वेळी मान स्वतःच वर केली.

"डोळ्यांखाली जरा जास्त लावू का?" वन्संनी विचारलं.

"वकीलसाहेबांना लावाल तितकंच," मास्तर म्हणाले.

हेही मास्तरांनीच सभेत सांगितलं. वन्संनी नाही.

पडद्यावर मास्तरांनी वकिलांचं अभिनंदन केलं, दोघांनी हात मिळवले. दोन्ही चेहरे सारखेच स्वच्छ. आवाज बंद करून बघितलं असतं तर कोण जिंकलं ते सांगता आलं नसतं.

"बघा," हे हळूच म्हणाले, "हरलेल्याला सुद्धा जिंकलेल्यासारखं दाखवतात. होडीवाल्यांचं चॅनल."

"जिंकलेल्याला हरलेल्याच्या बरोबरीनं बसवतात," मामंजी म्हणाले. "तेवढं तरी बरं आहे म्हणायचं." पण आवाजात जोर नव्हता.

वन्सं आल्या, चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. मामंजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आता तरी सांग. झाली ना निवडणूक. मत कोणाला दिलंस?"

वन्सं त्यांच्याजवळ गेल्या आणि हाताची मागची बाजू त्यांच्या कपाळाला लावली. मग स्वयंपाकघरात गेल्या, फडकं ओलं करून आणलं. "बाबा, मान वर करा. रडल्याचं दिसतंय."

"कोण रडलं? घाम आहे."

"घामाला मी ओळखते." आणि त्यांनी त्यांचं तोंड पुसलं, डोळ्यांखाली हलकं, कानामागे नीट. मामंजींनी डोळे मिटून घेतले होते. टीव्हीवर हवामानवाली उद्या ऊन पडणार असं सांगत होती आणि मध्येच शिंकली.

"आणि मी?" ह्यांनी वर्तमानपत्राआडून विचारलं. "मला नाही का पुसायचं? यालाच म्हणतात पक्षपात."

"तुझंही पुसते," वन्सं फडकं पिळत म्हणाल्या. "ते हसू आधी पुसायला हवं. बाबा झोपेपर्यंत तरी."